काळ्या मनुकांचा रस

वास आला तो जेमतेम क्षणभर. पॅन्ट्रीचं दार अर्धवट उघडं होतं, आत सागर पाठमोरा उभा राहून प्रभुभोजनाचे इवले इवले प्याले तबकात मांडत होता, आणि शांतवन त्याला "झालं का रे?" एवढंच विचारायला दारापाशी आला होता. तेवढ्यात सागर वळला, "सलाम, काका" म्हणाला, आणि त्याच्या अंगावरून आलेली हवा शांतवनच्या नाकात शिरली. आंबूस, गोडसर, जराशी उबट. अकरा वर्षं झाली, या वासाच्या वाटेला तो गेला नव्हता. पण नाक हा माणसाचा सगळ्यात निर्लज्ज अवयव, मालकाने कितीही पश्चात्ताप केला तरी ते आपलं जुनं सगळं जपून ठेवतं. सागरचा शर्ट पुढून ओला होता. डोळे लाल होते. तोंडावर नुकतंच पाणी मारल्यासारखे कपाळाला केस चिकटले होते. "होतंय काका, थोडं राहिलंय," म्हणताना त्याची नजर खाली गेली. शांतवन "बरं" म्हणाला आणि मागे सरला. दार त्याने स्वतःच ओढून घेतलं.

बाहेर हॉलमध्ये तमिळ मंडळी नुकतीच उठली होती. मस्कतच्या रुवी भागातलं हे चर्चचं आवार म्हणजे शुक्रवारचा बाजारच, फक्त इथे विकत काही मिळत नाही. एका भाषेचे लोक बाहेर पडताहेत, दुसऱ्या भाषेचे चपला काढताहेत, खुर्च्या अजून गरम, हवेत मघाच्या बायकांच्या मोगऱ्याचा वास, आणि दाराशी उर्दूवाले येऊन थांबलेच म्हणून मराठी उपासना वेळेवर आटपायची घाई. रविवारी सगळ्यांना कामावर जायचं असतं, म्हणून रविवार शुक्रवारी येतो. शांतवनची आई होती तेव्हा तिला संगमनेरहून फोनवर हे कधी पटलं नाही. "देवाला चालतं का रे असं?" ती दर वेळी विचारायची, आणि तो म्हणायचा, देवाला चालतं, अर्बाबला, म्हणजे इथल्या मालकाला, चालत नाही. पण आज त्याला त्या आठवणीचंही हसू आलं नाही. त्याच्या नाकात तो वास अजून बसून होता. हॉलमध्ये माणसं भरत होती, नगरची, जालन्याची, सोलापूरची. पोरं एकमेकांशी इंग्रजीत भांडत होती. रेखा, त्याची बायको, गायनपुस्तकं वाटत होती. आणि पुढच्या रांगेत मनाली बसली होती, सागरची बायको, पोपटी साडीत, शेजारच्या खुर्चीवर आपली पर्स ठेवून. ती खुर्ची सागरसाठी होती.

"शांतवनराव, जरा इकडे." उजागऱ्यांनी त्याला खांबामागे घेतलं. उजागरे म्हणजे मराठी मंडळीचा कारभार बघणारे सगळ्यात जुने वडील, मदिनत सुलतान काबूस वस्तीत राहणारे, हिशेबाच्या नोकरीत केस पांढरे झालेले. "तुम्हाला आला ना वास?"

शांतवनने खांबाआडून पॅन्ट्रीच्या दाराकडे पाहिलं.

"मला आला. मी आत्ता त्याच्याकडून कपाटाच्या चाव्या घेतल्या. प्यालाय तो! प्रभूच्या मेजाची तयारी करतोय आणि पिऊन आलाय! अहो, या देशाने मेहेरबानीने दिलेली जागा आहे ही. बाहेर एक शब्द गेला तर मराठी उपासना बंद. मी किती दारं ठोठावली होती या दीड तासासाठी, तुम्हाला माहिती आहे."

"माहिती आहे," शांतवन म्हणाला. ते खरंच होतं. उजागरे वाईट माणूस नव्हता. ज्या वर्षी मराठीला हॉल मिळाला त्या वर्षी हा गृहस्थ पहिल्या गीतालाच रडला होता.

"मग ऐका. मेजापाशी बोलावण्याआधी पाळकसाहेब म्हणतातच, ज्याने त्याने आपली परीक्षा करावी. त्या वेळी मी उठतो आणि सांगतो, सागरने बाहेर जावं. पण माझं एकट्याचं चालायचं नाही, लोक म्हणतील म्हातारा कडक आहे. तुम्ही 'हो' म्हणा. तुमचा शब्द मंडळी मानते. दुसरं गीत संपेपर्यंत मला सांगा." आणि जाता जाता ते हळूच म्हणाले, "त्याचे डोळे बघा नुसते."

डोळे त्याने बघितलेच होते. आणि एकदा बघितले म्हटल्यावर मागचंही सगळं रांगेने येऊन उभं राहिलं. मनाली बौशरच्या एका दवाखान्यात नर्स, सागर तिच्या व्हिसावर आलेला. आधी कित्येक महिने घरी बसून, आता कुठे एसी दुरुस्तीचं काम लागलेलं. मागच्या महिन्यात संदेश चालू असताना हा बसल्या जागी झोपला होता, मान पुढे पडून. एकदा अर्पणाच्या वेळी उठून बाहेर गेला तो परत आलाच नाही. "बायकोच्या पगारावर बसलेला पुरुष कुठं ना कुठं घसरतोच," असं कुणीतरी म्हटलं होतं. कुणी म्हटलं होतं ते आठवत नव्हतं, पण शांतवनने त्या वेळी मान हलवली होती हे आठवत होतं. एकेक गोष्ट एरवी साधी. पण आज सगळ्या मिळून साक्ष देत होत्या. शांतवन मागच्या रांगेत जाऊन बसला. पाळकसाहेब आले, त्यांना अशा चार भाषांच्या मेजांवर जायचं असतं, ते नेहमी शेवटच्या क्षणी येतात आणि आल्या आल्या घाम पुसतात. पेटी वाजू लागली, पहिलं गीत सुरू झालं, आणि शांतवन तोंडाने गात राहिला.

गाता गाता त्याला एक भलतीच गोष्ट जाणवली. मघाशी दारात तो वास आला तेव्हा तो मागे सरला, हे खरं. पण त्याच्यामागोमाग आणखी काहीतरी झालं होतं. आत कुठेतरी बरं वाटलं होतं. हो, बरंच वाटलं होतं. हा घसरला आणि मी नाही. अकरा वर्षं जो पाय सांभाळत चालतो, त्याला दुसऱ्याच्या पडण्याचा आवाज गोड लागतो की काय! त्याला स्वतःची किळस आली. पेटीचा सूर लांबला, रेखाने पुढून मागे वळून त्याच्याकडे पाहिलं, कारण तो एका ओळीनंतर गप्प झाला होता. रेखाला सगळं माहीत होतं. ती पोरांना घेऊन मस्कतला आली त्या पहिल्याच आठवड्यात त्याने तिला सांगून टाकलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि चहा टाकला. मंडळीत मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. मंडळीला ठाऊक होता तो हा शांतवन, इस्त्रीच्या शर्टातला, रुसैलच्या फॅक्टरीत स्टोअर सांभाळणारा, ज्याचा शब्द मानतात तो. त्याला एकदम वाटलं, आपण इथे या खुर्चीवर बसलो आहोत ते कुणाच्या जिवावर?

कासमच्या. दुसरं उत्तरच नव्हतं. रुसैल, त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचे दिवस, कंपनीची राहायची जागा, एका खोलीत चार खाटा आणि एक करकर वाजणारा पंखा. कासम दापोलीकडचा, खाडीकाठच्या गावचा, फोर्कलिफ्ट चालवायचा. दाढी, कपाळावर नमाजाचा डाग, बोलणं कमी. शांतवनला तो मुळीच आवडायचा नाही. कासम आपलं ताट वेगळं धुतो, आपल्या ताटाला लागू देत नाही, हा आपल्याला ओंगळ समजतो, असं शांतवनने पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकलं होतं. (ताट वेगळं ठेवायचं कारण फार नंतर कळलं: कासमला हाताला खरूज झाली होती, आणि ती दुसऱ्याला लागू नये म्हणून.) शांतवन त्या दिवसांत पीत होता. का, याला कारण नव्हतं. घर आठवायचं, हे काही कारण नव्हे, घर तर चौघांनाही आठवायचं. गोदामामागे कुणी ना कुणी पाण्याच्या बाटलीत आणून द्यायचं, आणि रमजानातल्या एका शुक्रवारी, भर दुपारी, जेव्हा अख्खा देश तोंडात पाणी घेत नव्हता, तेव्हा शांतवन भिंत धरत धरत खोलीवर आला. खोलीत कासम एकटा होता, नमाज उरकून बसलेला. शांतवनला दारातच उलटी झाली. ती कासमच्या अंथरलेल्या जानमाजवर.

अजूनही ती चटई त्याला दिसे. हिरवी, मध्ये कमानीची नक्षी, कडेला पिवळी झालर. तो तिच्याकडे बघत भिंतीशी बसून राहिला, आणि कासम उठला. मारणार, असं वाटलं. कासमने त्याला काखेत हात घालून उचललं, नळाखाली बसवलं, डोक्यावर पाणी सोडलं, लहान पोराचं धुवावं तसं तोंड धुतलं, स्वतःची लुंगी दिली, खाटेवर निजवलं. रोजा धरलेला माणूस, सकाळपासून थुंकीसुद्धा मोजून गिळणारा, आणि त्याने ती घाण हाताने काढली. मग बाहेर चपलांचा आवाज झाला. कॅम्प सांभाळणारा महमूद दारात आला. कुणीतरी चुगली केली असणार. महमूदने आत नाक लांबवलं आणि विचारलं, "ये पिया है क्या?" शांतवन डोळे मिटून पडला होता, पण ऐकू सगळं येत होतं. त्या एका प्रश्नाच्या उत्तरात तुरुंग होता, परतीचं विमान होतं, संगमनेरला रेखाच्या दारात उभा राहिलेला बिननोकरीचा, बदनाम नवरा होता. कासम दारात आडवा उभा राहिला. "मैं क्या उसका मुँह सूँघने बैठा हूँ?" तो म्हणाला. "बीमार है. मैं हूँ उसके साथ. यल्ला, तुम जाओ." तो खोटं बोलला नाही. बीमार तर शांतवन होताच. महमूद थोडा घुटमळला आणि गेला.

संध्याकाळी बांग झाली. कासमने जानमाज धुऊन बाहेर दोरीवर टाकली होती, म्हणून तो साध्या टॉवेलवर बसला होता. समोर खजूर, पाणी, भजी. त्याने पहिला खजूर उचलला आणि तो स्वतःच्या तोंडाशी न नेता शांतवनपुढे धरला. "खा," तो म्हणाला. "पोटात काय नाय तुझ्या." शांतवनला रडू कोसळलं. खजूर तोंडात आणि डोळ्यांतून पाणी, असा तो कितीतरी वेळ चावत राहिला. दुसऱ्या दिवशी धीर करून म्हणाला, "कासमभाई, काल मी..." तर कासम चपला घालत म्हणाला, "काल काय? काल जुम्मा होता." आणि कंपनीच्या बसकडे निघाला. बस्स. त्यानंतर त्याने तो विषय ना एकांतात काढला, ना चारचौघांत, ना थट्टेत, ना भांडणात; आणि भांडणं काय कमी झाली त्या खोलीत? पंख्याच्या वेगावरून झाली, मासे तळण्यावरून झाली. त्या खजुराने दारू सुटली असं म्हणायला छान वाटलं असतं, पण तसं काही झालं नाही. ती सुटायला पुढे वर्ष गेलं आणि शांतवन मध्ये दोनदा पडला. दोन्ही वेळा कासमने लुंगी दिली. देवाच्या नावाने कुणी आपल्याला काय काय दिलं याचा विचार करताना शांतवनला आधी पाळक आठवत नसत, आधी कासम आठवायचा, आणि याबद्दल प्रभूला राग येत नसणार याची त्याला खात्री होती.

दुसरं गीत सुरू झालं. उजागऱ्यांनी पुढून मान वळवून पाहिलं. त्यांच्या शेजारी त्यांची आई, रखमाबाई, व्हिजिटवर आलेली, कानाने कमी ऐकणारी, टाळ्या एक मात्रा मागे वाजवत होती. मनालीची मान पॅन्ट्रीच्या दाराकडे होती. पर्स खुर्चीवर तशीच. शांतवन त्या पर्सकडे बघत राहिला. उजागरे उठतील, नाव घेतील, आणि ही मुलगी पर्स उचलेल. फार काही करणार नाही, नुसती पर्स उचलेल आणि मांडीवर घेईल. पण त्यानंतर ती पुन्हा या हॉलमध्ये येणार नाही, आणि या परक्या मुलखात त्या दोघांना ही एवढीच चार आपली माणसं. त्याला लहानपणी शब्बाथ शाळेत बाईंनी सांगितलेली गोष्ट आठवली. मंदिरात एक बाई मनातल्या मनात प्रार्थना करते आहे, नुसते ओठ हलताहेत, आणि म्हातारा याजक लांबून बघून म्हणतो, ही प्यालेली आहे. वर्गातली सगळी पोरं त्या याजकाला हसली होती. शांतवन सगळ्यात मोठ्याने हसला होता. पण त्या बिचाऱ्या याजकाने निदान तिला तोंडावर विचारलं तरी होतं, आणि चूक कळल्यावर तिला आशीर्वाद दिला होता. आपण तर दार ओढून घेतलं.

आणि प्यालेला असला तर? शांतवनने हा प्रश्न स्वतःला टाळू दिला नाही. सागर निर्दोष आहे असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. नाक सांगत होतं ते सांगतच होतं. असेल प्यालेला. मग तर त्याच्या काखेत कुणीतरी हात घालायलाच हवा. आणि त्या हॉलमध्ये ते काम येणारा माणूस एकच होता. नसेल प्यालेला, तर बोलायलाच नको. दोन्हीकडून वाट तिथेच येत होती. न्याय करायला प्रभूने आपल्याला नेमलेलं नाही ही किती मोठी सुटका आहे, हे त्याला बेचाळिसाव्या वर्षी, मस्कतच्या जून महिन्यात, एसीच्या घरघरीत पहिल्यांदा कळलं. खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. गीताचं शेवटचं कडवं चालू असतानाच तो उठला आणि पुढे जाऊन उजागऱ्यांच्या कानाशी वाकला.

"मी त्याचं तोंड हुंगलेलं नाही, उजागरे साहेब."

"म्हणजे?"

"म्हणजे तबक तोच धरेल. मी त्याच्या बरोबर आहे."

"आणि उद्या काही झालं तर?"

"तर मला विचारा."

उजागरे दुखावले. त्यांनी तोंड उघडलं, पण गीत संपलं होतं आणि पाळकसाहेब उभे राहिले होते. शांतवन पॅन्ट्रीत गेला. सागर भरलेल्या तबकापुढे उभा होता, हात पुसून पुसून लाल झालेले, परीक्षेच्या वर्गात बसल्यासारखा. वास होताच. खोली भरून होता.

"काका, मला एक सांगायचंय. माझ्याकडून ना..."

"नंतर सांग."

"नाही पण काका, ते..."

"प्रभुभोजन झाल्यावर सांग. मी कुठं पळून चाललोय का? चल. ती बाजू तू धर, ही मी धरतो."

तबक दोघांनी धरायची काहीच गरज नव्हती, एका हातात मावेल एवढं ते. पण ते दोघे लग्नातलं रुखवत उचलल्यासारखे दोन्ही बाजूंनी धरून हॉलमध्ये आले. एकेका रांगेसमोर ते थांबले. इथली रीत अशी की प्याला हातात घेऊन सगळ्यांनी थांबायचं, आणि पाळकसाहेबांचे शब्द झाले की एकदम प्यायचं. उजागऱ्यांनी सागरकडे न बघता प्याला उचलला. रखमाबाईंनी थरथरत्या बोटांनी उचलला, तेव्हा सागरने तबक त्यांच्यासाठी खाली झुकवलं. मनालीने उचलला आणि नवऱ्याच्या शर्टाकडे बघून भुवई वर केली, आणि सागरने ओठांनीच 'नंतर' म्हटलं. वास तबकाबरोबर रांगारांगांतून फिरत होता, आणि शांतवन मनात म्हणत होता, आला तर येऊ दे, आला तर येऊ दे. शेवटी दोन प्याले उरले. एक सागरने घेतला, एक त्याने.

त्याने प्याला छातीशी आणला आणि वास थेट प्याल्यातूनच वर आला.

तो प्याल्यात बघत राहिला. काळसर रसाच्या कडेने बारीक फेसाची कड धरली होती. तळातून एक बुडबुडा निघाला, वर आला, फुटला. आणि मग सगळं एकदम, कुणी दिवा लावल्यासारखं, त्याच्यापुढे उघडं पडलं. प्रभुभोजनाच्या या रसासाठी रेखाने सोमवारी मनुका भिजवल्या होत्या. रेखा मनुका उकळत नाही. कोमट पाण्यात भिजवते, हाताने चुरते, फडक्यातून गाळते. "उकळलं की रस मेल्यासारखा लागतो," हे तिच्या आईचं सांगणं, आणि नगरच्या थंडीत ते चालूनही जात असेल. मंगळवारी प्रार्थनासभेला येताना बाटली त्यानेच आणली, पॅन्ट्रीतल्या फ्रीजमध्ये त्यानेच ठेवली. आणि मग सभेत कीबोर्डला प्लग हवा होता, भिंतीला एकच जागा होती, तेव्हा फ्रीजचा प्लग कुणी काढला? शांतवनने. परत कुणी लावला? कुणीच नाही. मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत, बंद खोलीत, या उन्हाळ्यात, घट्ट झाकणाखाली त्या मनुका आपलं काम शांतपणे करत बसल्या होत्या. सागरने झाकण फिरवलं असेल आणि बाटली त्याच्या छातीवर उडाली असेल. त्याचा शर्ट. धुतलेलं तोंड. "माझ्याकडून ना, काका..." अकरा वर्षं जपलेल्या त्या हुशार नाकाने वास बरोबर ओळखला होता, माणूस तेवढा चुकवला होता.

पाळकसाहेबांचे शब्द संपले. सगळ्या हॉलने एकदम प्याले तोंडाला लावले. क्षणभर शांतता. मागे कुणीतरी खोकलं. उजागऱ्यांनी एका घोटात प्याला रिकामा केला होता, आणि ते डोळे मोठे करून समोरच्या भिंतीकडे बघत होते. त्यांच्या गळ्याची गाठ एकदा वर गेली, खाली आली. रेखाचा हात तोंडावर. आणि त्या शांततेत, कमी ऐकणारी माणसं बोलतात तशा खणखणीत आवाजात रखमाबाई म्हणाल्या, "बाई गं! आज चांगला लागतोय की!"

पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, पण त्यांचे खांदे हलत होते. शांतवनने प्याला नुसता ओठांना टेकवला. तेवढं त्याला पुरे होतं, आणि तेवढंच त्याला झेपणार होतं. ओठावर ती गोड-आंबट चव आली, जुनी ओळखीची, आणि तिच्याबरोबर एकदम खजुराची आली. त्याने डोळे मिटले. प्रभो, तुझे उपकार, तो म्हणाला. एवढंच सुचलं, आणि ते तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मी उठून 'हो' म्हटलं नाही, तुझे उपकार. माझं तोंड कुणी हुंगलं नाही, तुझे उपकार.

बाहेर आवारात उन्हं कलली होती तरी फरशी तव्यासारखी होती. सागर एका दमात सगळं सांगत होता, की झाकण गोळीसारखं उडालं, अर्धा रस त्याच्या अंगावर आणि मोरीत, त्याला वाटलं आपणच काहीतरी बिघडवलं, उरलेल्यात प्याले भरतील की नाही याचीच धास्ती. "मला वासावरून काही कळेना काका, मी काय कधी असलं..." मनाली म्हणाली, "आज सकाळी सहापासून छतावर होता हा. शुक्रवारीपण बोलावतात, एसी बंद पडला की. डोळे बघा कसे झालेत धुळीने." आणि ते डोळे शांतवनने पुन्हा एकदा नीट पाहिले. तेच डोळे होते.

"फ्रीजचा प्लग मी काढला होता," तो म्हणाला.

"आणि मी उकळलं नव्हतं," रेखा हळूच म्हणाली. "कुणाला सांगू नका हं."

उजागरे पुढे आले. ते काहीतरी बोलणार होते, पण बोलताना त्यांनी सवयीने तोंडापुढे हात धरला, कारण आता वास त्यांच्याच तोंडाला होता. आणि हात धरलेला लक्षात येताच त्यांचा चेहरा कानापर्यंत तांबडा झाला. खिशातून धुतलेला रुमाल काढून ते सागरचा शर्ट पुसू लागले. डाग वाळला होता, निघत नव्हता. तरी ते पुसत राहिले. "घरी ये रे," ते म्हणाले, "दोघं या. पुढच्या शुक्रवारी जेवायलाच या." सागरला काहीच कळलं नाही. तो नुसता "हो, हो काका" म्हणत अवघडून उभा राहिला. आपण कशातून वाचलो हे त्याला कधीच कळणार नव्हतं, आणि ते तसंच ठीक होतं.

उर्दूवाले आत गेले. जवळच्या मशिदीतून बांग सुरू झाली. रेखा आणि पोरं गाडीत बसली, एसी लावला, आणि शांतवन गाडीला टेकून बाहेरच थांबला. त्याने फोन काढला. कासम गाव धरून आता चार वर्षं झाली होती. ईदेला आणि नाताळला एकेक फोन व्हायचा, बाकी खुशाली. तिकडे नमाज होऊन गेली असेल. घंटा बराच वेळ वाजली.

"कोण? शांतवन? काय रे बाबा, आज ईद नाय, नाताळ नाय!"

"सहज केला, कासमभाई."

"बायको-पोरं बरी आहेत ना?"

"बरी आहेत. सगळं बरं आहे." इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते त्याने विचारलं. "कासमभाई, त्या रमजानात, त्या दुपारी मी खोलीवर आलो... तुम्हाला वास आला असेल ना?"

पलीकडे कुणीतरी कोंबड्यांना हाकत होतं.

"कसला वास?" कासम म्हणाला.